बाशोचा रिकामा दिवस

प्रवासवर्णन म्हणजे पाहिलेल्या स्थळांची यादी, अशी आमच्याकडील पुष्कळ वाचकांची व कांहीं लेखकांचीहि समजूत आहे. देवळाची उंची, किल्ल्याचे बुरूज, उतरावयाच्या जागेची सोय हें सर्व यथासांग सांगितलें म्हणजे लेखक सुटला. परंतु ज्यानें महिनोन् महिने प्रवास केला आहे त्याला ठाऊक असतें कीं, परतीच्या टप्प्यांत केव्हां तरी असा एक दिवस उगवतो, ज्या दिवशीं पाहावयाचें पाहून झालेलें असतें, घर अजून आलेलें नसतें, आणि करावयाला कांहींच नसतें. हा दिवस लेखक बहुधा गाळतात. ज्यानें तो गाळला नाहीं अशा एका ग्रंथकाराविषयीं आज चार शब्द लिहावे असा आमचा हेतु आहे.

जपानी कवि मात्सुओ बाशो याचें नांव मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. शिरीष पै यांनीं हायकू मराठींत आणल्यापासून तें आमच्या चर्चेंत वारंवार येतें. मात्र बाशो म्हणजे तीन ओळी, एवढ्यावरच आमची ओळख थांबते, आणि त्याचें गद्य बाजूला राहतें. १६८९ सालीं तो एदो, म्हणजे हल्लींचें टोकियो, सोडून सोरा नांवाच्या शिष्यासह उत्तरेस निघाला. सुमारें पांच महिने आणि २,४०० किलोमीटर एवढी ती मजल झाली. तिचें वृत्त 'ओकु नो होसोमिचि' ह्या नांवानें त्याच्या मरणानंतर, १७०२ मध्यें, छापून निघालें.

ह्या पुस्तकाच्या अगदीं शेवटाकडे त्सुरुगा बंदर येतें. तोंपर्यंत सोरा पोटाच्या दुखण्यामुळें यामानाका येथून एकटाच पुढें निघून गेलेला आहे. आठव्या महिन्याची पौर्णिमा त्सुरुगास पाहावी अशी बाशोची हौस. आदल्या रात्रीं चांदणें लख्ख पडलें होतें. उद्यांचा भरंवसा नाहीं, असें सराईवाल्यानें बजावलेंहि होतें. झालें तसेंच. पौर्णिमेस पाऊस लागला. दुसऱ्या दिवशीं उघाड पडली, तेव्हां इरो नांवाच्या किनाऱ्यावर जाऊन 'मासुहो' नांवाचे चिमुकले शिंपले वेंचावे असें बाशोनें ठरविलें. तेन्या नांवाच्या गृहस्थानें फराळाचे डबे व वेळूच्या नळ्यांतून मद्य बरोबर दिलें, होडींत पुष्कळ नोकर बसविले, आणि अनुकूल वाऱ्यानें होडी पाहतां पाहतां पोंचली. किनाऱ्यावर कोळ्यांच्या थोड्या झोंपड्या व एक उदासवाणें बौद्ध देऊळ. तेथें चहा घेतला, मद्य ऊन केलें, संध्याकाळ झाली. त्या दिवसाची हकीकत तोसाइ नांवाच्या सोबत्याकडून लिहवून देवळांत ठेविली. एवढाच काय तो प्रसंग.

कोणी म्हणेल, ह्यांत रिकामपण तें कोठें आहे? बाराव्या शतकांतील कवि साइग्यो यानें ह्याच शिंपल्यांवर कविता केली होती. तेव्हां ही देखील यात्राच झाली. आक्षेप खरा आहे. पण पूर्वीच्या कवींनीं गाइलेलीं स्थळें शोधीत बाशो सबंध वाट चालला, आणि त्यांतील किती तरी त्याला मोडकीं सांपडलीं. शिनोबूचा प्रसिद्ध दगड पाहावयास गेला, तों तो अर्धा मातींत पुरलेला. वाटसरू पिकें तुडवितात म्हणून गांवकऱ्यांनींच टेकडीवरून लोटून दिलेला. इरोच्या किनाऱ्यावर मात्र तो जें शोधावयास गेला तें तेथें होतें, आणि तें नखाएवढें होतें. मात्सुशिमाच्या बेटांची शोभा वर्णितांना त्यानें आपला एकहि हायकू दिलेला नाहीं. ह्या शिंपल्यांच्या दिवसासाठीं त्यानें दोन दिले आहेत. हें प्रमाण आम्हांस फार बोलकें वाटतें.

आतां एक तक्रार. सोराची रोजनिशी १९४३ मध्यें उजेडांत आली आणि गुरुजींच्या कथनांत कोठें कोठें रंग भरलेला आहे हें उघड झालें. इरोचें अंतर बाशो सागरीं सात री सांगतो. सोरा चार सांगतो. असो, कवीस तीन री माफ! पण त्याच रोजनिशींत दुसरी एक गोष्ट आहे. हा आजारी शिष्य कांहीं दिवस आधीं स्वतः रात्रीच्या होडीनें इरोस जाऊन आला होता, आणि त्सुरुगास परतल्यावर बाशोसाठीं एक पत्र ठेवून गेला होता. तें पत्र त्यानें ठेविलें कोणापाशीं? त्याच तेन्यापाशीं. म्हणजे ते डबे, ती होडी, तो सारा बिनकामाचा दिवस, ह्यांमागें शिष्याची व्यवस्था असावी असा तर्क करण्यास पुरती जागा आहे. बाशो ह्याविषयीं एक अक्षर लिहीत नाहीं.

ह्या मौनाचें समर्थन करणारे टीकाकार भेटतील. दिवस आपोआप आल्यासारखा वाटावा म्हणून त्याची तयारी झांकली, असें ते म्हणतील, आणि कलेच्या दृष्टीनें त्यांत तथ्यहि आहे. यामानाकाच्या निरोपाचें दुःख लिहून झाल्यावर पुन्हा सोराचें नांव आणलें असतें तर संध्याकाळच्या त्या उदासपणाला कदाचित् धक्का लागला असता. तरीहि आमचें मन तेथें अडतें. किनाऱ्यावरील त्या शरद् ऋतूची थोरवी सांगावयास बाशो पहिल्या हायकूंत गेंजीच्या वनवासानें गाजलेल्या सुमा किनाऱ्याला साक्षीस बोलावतो. ती साक्ष आम्हीं खुशीनें सोडून दिली असती, जर तिच्या जागीं त्या पत्राची एक ओळ मिळती. एकाकीपण ज्याच्या मायेनें घडवून आणलें, त्याचें नांव सांगितल्यानें तें एकाकीपण उणें झालें नसतें. उलट वाढलेंच असतें, असें आम्हांस वाटतें.

पुढें बाशो ओगाकीस पोंचला. मेलेला मनुष्य जिवंत परतावा तसे मित्र त्याच्याभोंवतीं जमले, आणि सोराहि इसेहून तेथें येऊन मिळाला. त्या भेटींत पत्राचा किंवा शिंपल्यांचा विषय निघाला कीं नाहीं, हें पुस्तक सांगत नाहीं. थकवा पुरता गेलेला नव्हता, तरी नवव्या महिन्याच्या सहाव्या दिवशीं बाशो पुन्हा होडींत बसला आणि इसेकडे निघाला.