सापशिडीचे जनक? एका आठवणीची तपासणी

दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या दिवशी, एक पोस्ट हमखास फिरते: सापशिडीचे जनक संत ज्ञानेश्वर. सोबत गोष्ट असते. निवृत्ती आणि ज्ञानदेव भिक्षेला जात, मागे सोपान आणि मुक्ताई यांचं मन रमावं म्हणून ज्ञानदेवांनी मोक्षपट आखला. गोष्ट गोड आहे. आमच्या तुमसरच्या ग्रुपवर ती आली की खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. पेटची तयारी करणाऱ्यांनी मात्र हात जोडून झाल्यावर ती पोस्ट पुन्हा वाचावी. दावा कसा तपासायचा, याचा इतका चांगला सराव कोणत्याही मेथडॉलॉजीच्या गाईडमध्ये नाही.

आधी पोस्टमधला तपशील बघा. शिड्या पाच: १२ वर श्रद्धा, ५१ वर विश्वासार्हता, ५७ वर दातृत्व, ७६ वर ज्ञान, ७८ वर तप. साप त्याहून कितीतरी जास्त. ६९ वर कर्ज आहे (धान विकून सोसायटीचं कर्ज फेडणाऱ्या आपल्या भागात हे घर सगळ्यांना पटतं), ९९ वर वासना आणि १०० वर मोक्ष. म्हणजे पट १०० घरांचा. इथेच थांबायचं आणि विचारायचं, जुने पट किती घरांचे?

ॲण्ड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ साली या खेळावर सविस्तर लेख लिहिला. उत्तरेत याला ज्ञानचौपड म्हणत. वैष्णव पट साधारण ७२ घरांचे, जैन पट ८४ घरांचे, आणि शंभराच्या आसपास घरं असलेले पट सूफी परंपरेतले. हाती असलेले सगळ्यात जुने पट १८व्या शतकाकडे नेतात. मराठी मोक्षपटही खरेच आहेत. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातले मोक्षपट वा. ल. मंजूळ यांनी उजेडात आणले, आणि कोपनहेगन विद्यापीठाचे याकोब श्मिट-मॅडसन यांनी पश्चिम भारतातल्या या खेळावर २०१९ साली पीएचडी केली. पण मराठी मोक्षपट सापडणं वेगळं आणि तो ज्ञानेश्वरांनी आखला असणं वेगळं. पोस्ट पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि मधली पाचशे वर्षं कोणाला दिसतच नाहीत.

यावर कोणी म्हणेल, जुन्या काळात पुरावे कुठून राहणार? मग ज्ञानेश्वरीच घ्या ना. तिच्या शेवटी शके १२१२ हे साल आहे, लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव आहे. पुढे पाठ बिघडले म्हणून एकनाथांनी १५८४ मध्ये ती शुद्ध केली, तेही नोंदलं गेलं. त्याच माणसाच्या एका कृतीमागे एवढी साखळी आहे आणि दुसरीमागे एकही कडी नाही. माझ्या मते हा फरक झाकून वाहिलेली श्रद्धांजली ज्ञानेश्वरांना मोठं करत नाही. ते आधीच मोठे आहेत. मोठा होतो तो खेळ, कारण त्याला एक नाव मिळतं. आमच्याकडे अंगणात विटेच्या तुकड्याने चौकोन आखून, चिंचोके घासून अष्टाचंगा खेळतात. तो कोणी शोधला असं कोणी विचारत नाही, आणि म्हणून त्याच्यावर पोस्टही फिरत नाही.

खरं दुःख असं की जनक कोण या वादात खेळाकडे बघायचं राहून जातं. हा खेळ विलक्षण आहे. खेळणाऱ्याच्या हातात काहीच नाही, सगळं कवड्या ठरवतात. कर्माची शिकवण देणारा पट, आणि त्यात कर्म करायला जागाच नाही! याला प्रारब्धाचा खेळ म्हणायचं का? तसं म्हटलं तरी एक गंमत उरते: ९९ च्या सापाने कितीदाही खाली आणलं, तरी खेळत राहणारा प्रत्येकजण कधी ना कधी १०० ला पोचतोच. कायमचा नरक या पटावर नाही. हे ज्याला सुचलं तो, किंवा ज्या अनेकांना पिढ्यानपिढ्या सुचत गेलं ते, मोठ्या डोक्याचे होते. १९व्या शतकाच्या शेवटी खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि तिथून फिरून परत आला. आज तुमसरच्या बाजारात ल्युडोच्या मागच्या बाजूला जी सापशिडी मिळते, तिच्यावर नुसते आकडे असतात. श्रद्धा नाही, कर्ज नाही.

विषय शोधत असाल तर इथे काम पडलं आहे. मराठी मोक्षपटांवरच्या घरांची नावं एकेक करून उतरवून घ्यायची, आणि ते शब्द ज्ञानेश्वरीतले वाटतात, एकनाथांच्या काळातले वाटतात की पेशवाईतले, हे भाषेवरून ताडून बघायचं. मोडी वाचता येणं आधी लागेल.