‘डोहाळा’ आणि ‘अवघडणे’ : गर्भिणीच्या देहभानाची भाषा

गर्भिणीच्या देहाचे वर्णन आपल्या वाङ्मयात विपुल आढळते; परंतु ते बहुधा पाहणाऱ्याचे असते, तो देह वाहणाऱ्या स्त्रीचे नव्हे. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गातील सुदक्षिणा हे याचे ठळक उदाहरण होय. कृश झालेला देह, मोजकेच अलंकार, लोध्रपुष्पासारखे पांडुर मुख आणि या सर्वांस पहाटेच्या विरळ तारकांच्या रात्रीची उपमा! माती खाल्ल्याने सुगंधित झालेले तिचे मुख दिलीप हुंगतो, हा तपशील तर कालिदासाच्या सूक्ष्म निरीक्षणाची साक्षच आहे. तथापि पालटलेल्या देहाकडे सुदक्षिणा स्वतः कशा दृष्टीने पाहते, याविषयी कवी मौन पाळतो. एवढेच नव्हे, तर ती लज्जेमुळे आपली इच्छा सांगत नाही म्हणून राजा तिच्या सख्यांना पुनःपुन्हा विचारतो. टीकाकारांनी येथे राजाचे प्रेम पाहिले, ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखकास मात्र तिचे न बोलणे अधिक अर्थपूर्ण वाटते.

मराठीतील ‘डोहाळा’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’, प्राकृत ‘दोहळ’ या मार्गाने आला, याविषयी वाद नाही. वाद आहे तो ‘दोहदा’च्या मुळाविषयी. एका मते त्यात ‘द्वि’ आणि ‘हृद्’ आहेत, म्हणजे दोन हृदये. दुसऱ्या मते ते मूळचे ‘दौर्हृद’, म्हणजे मनाची बिघडलेली अवस्था, मळमळ, नावड. हा केवळ कोशकारांचा कलह नव्हे. सुश्रुताच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि स्त्री द्विहृदया होते, असे सांगितले आहे. तिची इच्छा डावलल्यास अपत्यास व्यंग येते, अशी भीतीही तेथे घातली आहे. इच्छा पुरवावयाची ती गर्भासाठी. स्त्री ही तिची केवळ उच्चारक. पहिली व्युत्पत्ती परंपरेस प्रिय का झाली असावी, हे यावरून समजते. दुसरी स्वीकारल्यास स्त्रीची अस्वस्थता तिची स्वतःची ठरते, आणि तिच्यावर आंबट-गोडाचे ताट हा पुरेसा उपाय राहत नाही.

आपली नित्याची वाक्ये पाहा. ‘तिला दिवस गेले’, ‘तिला डोहाळे लागले’, ‘तिला सातवा लागला’. कर्ता ‘दिवस’, ‘डोहाळे’ किंवा ‘महिना’. स्त्री ‘ला’ प्रत्ययाने मागे उभी. अर्थात भूक आणि रागही मराठीत असेच लागतात व येतात. तेव्हा केवळ विभक्तीवरून मनाचे निदान करणे हा उतावळेपणा होईल. तरीही ‘ती अवघडली’ या वाक्यात ती स्वतः कर्ता होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शिवाय अवघडते ते केवळ शरीर नव्हे. चारचौघांत संकोच वाटला तरी आपण ‘अवघडल्यासारखे झाले’ असेच म्हणतो. देहाचा भार आणि परक्या नजरेखालचा संकोच एकाच धातूत बोलणारी ही भाषा, मानसशास्त्राला ‘देहप्रतिमा’ हा जोडशब्द घडवून जे सांगावे लागते, ते घरगुती बोलण्यात सहज सांगून जाते.

हा प्रश्न निव्वळ शब्दशास्त्राचा नाही. प्रसूतिकाळातील खिन्नता ओळखण्यासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली एडिंबरो येथील दहा प्रश्नांची प्रश्नावली आता गर्भावस्थेतही वापरली जाते. तिच्या कर्त्यांनी शारीरिक लक्षणे हेतुपुरस्सर वगळली, कारण थकवा, भूक मंदावणे इत्यादी गोष्टी या काळात निरोगी स्त्रीसही होतात. युक्तिवाद निर्दोष आहे. परंतु मराठी स्त्री आपले दुःख बहुधा देहाच्याच शब्दांत सांगते : ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगात त्राण नाही’, ‘कशात जीव लागत नाही’. यांतील शरीर कोठे संपते आणि मन कोठे सुरू होते? अनुवादक ‘खिन्न’, ‘उदास’ असे शिष्ट शब्द योजील, तर ज्या स्त्रीच्या तोंडी ते कधीच आले नाहीत, ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. आणि तिची नोंद निरोगी म्हणून होईल.

आमच्या मते अशा अनुवादाचा आरंभ कोशापासून न होता बाळंतिणीच्या खोलीतील बोलण्यापासून व्हावा, आणि ‘जीव’ या शब्दाचे काय करावयाचे, हे सर्वांत आधी ठरावे.