परत पाठवणी आणि उपचार : ‘मॅड टेल्स फ्रॉम द राज’ या ग्रंथाची चिकित्सा

प्रास्ताविक :

मुंबईच्या इतिहासलेखनात शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीचा उल्लेख येतो, तो बहुधा नामांकितांच्या निमित्ताने. बोरीबंदर स्थानकाचे वास्तुशिल्पी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे दफन येथेच झाले. 1865 च्या सुमारास, आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत, ही जागा युरोपियनांसाठी घेण्यात आली. येथे विसावलेली माणसे राज्यकर्त्या समाजातील होती हे खरे. परंतु त्यांच्यातील साधा शिपाई, खलाशी वा कारकून हा पोटासाठी सातासमुद्रापार आलेला स्थलांतरितही होता, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. असा मनुष्य मनोविकाराने ग्रासला गेला, तर त्याला उपचार कोठे आणि कसे मिळत? या प्रश्नाचा मागोवा वॉल्ट्राउड अर्न्स्ट यांच्या ‘मॅड टेल्स फ्रॉम द राज’ (1991) या ग्रंथात मिळतो. ग्रंथाचा कालखंड 1800 ते 1858 असा, म्हणजे शिवडीच्या दफनभूमीच्या आधीचा आहे. तरीही आज मुंबईत राहणाऱ्या परदेशी स्थलांतरितांच्या मानसिक आरोग्याचा विचार करताना तो टाळून पुढे जाता येत नाही.

ग्रंथाची मांडणी :

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या युरोपियनांची संख्या अल्प होती. तरीही कंपनीने त्यांच्यावर इतका खर्च का केला, याचे अर्न्स्ट यांनी दिलेले उत्तर मार्मिक आहे. रस्त्यावर भ्रमिष्टासारखा फिरणारा गोरा मनुष्य एतद्देशीयांच्या नजरेस पडणे हे सत्तेच्या प्रतिष्ठेस बाधक होते. त्याला दृष्टिआड ठेवणे आणि त्याच वेळी आपण विवेकी व दयाळू आहोत असे दाखविणे, हे दोन्ही हेतू या इस्पितळांनी साधले. इस्पितळाच्या आतही वंश आणि वर्ग यांच्या भिंती होत्याच. अधिकाऱ्याला मिळणारी वागणूक शिपायाच्या वाट्यास येत नसे. 

बऱ्या न होणाऱ्या युरोपियनांना इंग्लंडला परत धाडण्याचे धोरण हा ग्रंथातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग होय. त्यांच्यासाठी कंपनीने 1818 पासून लंडनजवळच्या हॅकनी येथील ‘पेम्ब्रोक हाउस’ या खासगी संस्थेत सोय केली होती. 1870 मध्ये तिची जागा ईलिंग येथील ‘रॉयल इंडिया असायलम’ने घेतली. येथे परत पाठवणी हीच उपचाराची जागा घेते. रुग्ण बरा झाला की नाही यापेक्षा तो वसाहतीतून गेला, हे महत्त्वाचे ठरते.

मर्यादा :

ग्रंथाचा आधार मुख्यतः कंपनीचे दप्तर आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचे अहवाल हा आहे. त्यामुळे रुग्णाचा स्वतःचा आवाज क्वचितच कानी पडतो. हा दोष साधनांचा अधिक आणि लेखिकेचा कमी, हे मान्य केले पाहिजे. परंतु दुसरी मर्यादा दृष्टिकोनाची आहे. अर्न्स्ट यांना युरोपियन रुग्ण मुख्यत्वे सत्तेचा घटक म्हणून दिसतो. एकाकीपण, तुटलेली नाती, परकी भाषा, अनिश्चित रोजगार हे स्थलांतरिताचे ताण विश्लेषणाच्या कडेला राहतात. मुंबईत बसून ग्रंथ वाचणाऱ्यास ही उणीव विशेष जाणवते. कारण याच ताणांसह जगणारी माणसे या शहरात आजही आहेत, आणि त्यांच्यामागे कोणत्याही कंपनीची प्रतिष्ठा उभी नाही.

आजचे संदर्भ :

इमारतींच्या दारांशी रात्रपाळी करणारा नेपाळी पहारेकरी हे याचे ठळक उदाहरण. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला येथे राहण्यास व काम करण्यास मोकळीक आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या 18 व्या कलमाने सेवेचा हक्क ‘प्रत्येक व्यक्ती’स दिला आहे, केवळ नागरिकास नव्हे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस, तिच्यापाशी तसे कार्ड नसले तरी, तसेच निराधार व बेघर व्यक्तीस विनामूल्य उपचारांची तरतूद त्याच कलमात आहे. शब्दरचनेतील हा फरक लहान वाटला, तरी वसाहतकालीन व्यवस्थेशी ताडून पाहता तो मूलगामी आहे.

घरी परत जाणे स्वतःहून वाईट असते, असा याचा अर्थ नव्हे. डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या कुटुंबापर्यंत पोहोचविते. या कार्यासाठी वाटवानी यांना 2018 चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. येथेही रुग्ण परत जातो. पण आधी त्याला बरे केले जाते, त्याचे गाव त्याच्याच तोंडून कळून घेतले जाते. कंपनीच्या जहाजाने गेलेल्या रुग्णाबाबत हा क्रम उलटा होता.

तथापि 2017 च्या कायद्यातही एक अवघड जागा आहेच. रुग्णाने ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमला नसेल, तर कायदा प्रथम नातेवाइकाकडे, मग काळजीवाहकाकडे व त्यानंतर मंडळाने नेमलेल्या योग्य व्यक्तीकडे वळतो. ज्याचे नातेवाईक सीमेपलीकडच्या डोंगराळ खेड्यात आहेत आणि ज्याच्याशी डॉक्टरांना हिंदीत अर्धेमुर्धेच बोलता येते, त्याच्या बाबतीत ही सारी साखळी मंडळाच्या तत्परतेवर अवलंबून राहते. अर्न्स्ट यांनी दप्तरे चाळून ज्या प्रकारची चौकशी केली, तशीच चौकशी या मंडळांच्या कामकाजाची होणे आवश्यक आहे. आणि ती करताना रुग्णाची भाषा जाणणारा दुभाषी हजर होता का, ही नोंद सर्वप्रथम तपासावी लागेल.