अनासक्ती आणि विरहगीत : सेवाग्रामच्या प्रार्थनेच्या संदर्भात

दूर गेलेल्या प्रिय व्यक्तीची ओढ हा भारतीय गीतपरंपरेचा प्राचीन विषय होय. ज्ञानदेवांच्या विराण्या, मीराबाईंची पदे, जात्यावरील ओव्या व आधुनिक भावगीते अशा विविध रूपांत तो प्रकटला आहे. तथापि, आसक्तीचा त्याग हेच जेथे जीवनसूत्र मानले गेले, तेथे विरहाचे पद का गायिले जावे, हा प्रश्न सेवाग्रामच्या संदर्भात उद्बोधक ठरतो.

महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळील सेगाव येथे वास्तव्यास आले. १९४० मध्ये या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. आश्रमाच्या सायंप्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे म्हटली जात आणि त्याच प्रार्थनेत भजनासही स्थान होते. पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमती येथे संकलित केलेल्या ‘आश्रम भजनावली’त सूरदास, कबीर, तुकाराम यांच्यासमवेत मीराबाईंचीही पदे आहेत. एकीकडे सुखदुःखांत अविचल राहणारा स्थितप्रज्ञ, तर दुसरीकडे दर्शनासाठी व्याकूळ झालेली मीरा, असा हा विरोध आहे.

हा विरह म्हणजे जीव-शिवाचे रूपक, असे म्हणून प्रश्न मिटविण्याचा प्रघात आहे. परंतु हे उत्तर अपुरे वाटते. विराणीतील शीतल उपचारही दाहक ठरतात. तेथील वेदना देहाच्याच भाषेत बोलते. रूपकाचा अर्थ लागला म्हणून ती भाषा गळून पडत नाही. याउलट ओवीतील सासुरवाशिणीच्या ओढीस गाव, वाट आणि सण असतो. पंचमीला भाऊ न्यावयास आला की ती ओढ काही काळ तरी शमते. मीरेच्या पदात असा शेवट नाही. आसक्तीला वस्तू हाती हवी असते. हा विरह मात्र हाती न येणाऱ्यावरच जगतो. शिवाय समूहाने पद गायिले की त्यातील ‘मी’ एकट्याचा राहत नाही. म्हणूनच अनासक्तीच्या साधनेत त्यास जागा मिळू शकते.

ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजींनी सेवाग्राम सोडले. ते पुन्हा तेथे परतले नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. प्रार्थना पुढे चालू राहिली. परंतु त्यानंतर त्याच शब्दांतील अनुपस्थित व्यक्तीस एक परिचित चेहरा लाभण्याची शक्यता निर्माण झाली. ईश्वराच्या विरहाचे पद व्यक्तीचे स्मरणगीत होऊ शकते. आणि मग ज्या आसक्तीपासून प्रार्थना दूर नेऊ पाहते, तीच तिच्यात शिरते. पद बदललेले नसते; गाण्याचा प्रसंग बदललेला असतो.

यावरून विरहगीताचा अर्थ केवळ संहितेत शोधणारी समीक्षा अपुरी ठरते, असे म्हणावे लागते. कोण गाते, कोणाच्या अनुपस्थितीत गाते आणि कोणासमवेत गाते, हे प्रश्नही तिने विचारावयास हवेत. अभ्यासक्रमातील विराणी वा ओवी निव्वळ छापील कविता म्हणून शिकविली, तर विद्यार्थ्यांपर्यंत शब्द पोहोचतात. त्यातील विरह मात्र मागेच राहतो.