कच्चा रंग

मिशिगनमध्ये राहायचं, गिटार वाजवायची आणि कलामझूच्या गिटारींबद्दल मत नसावं, हे जरा अवघडच. गिब्सनने १९८४ मध्ये इथला कारखाना बंद केला, पण १९५८ ते १९६० या काळात तिथे घडलेल्या सनबर्स्ट लेस पॉल गिटारींसाठी लोक आजही काही लाख डॉलर मोजतात. दीड हजारांच्या आसपासच झाल्या त्या. गंमत म्हणजे, ज्या रंगावर लोक एवढे भाळतात तो रंग कंपनीने दिलेलाच नव्हता.

कंपनीने दिला होता तो चेरी सनबर्स्ट. मेपलच्या दर्शनी भागावर पिवळा, कडेने स्प्रेने मारलेला लाल आणि वर नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पारदर्शक थर. पिवळा टिकला. लाल मात्र आपल्या भाषेत सांगायचं तर 'कच्चा' निघाला. तो उन्हाने विटला, वरचं लॅकर वयाप्रमाणे पिवळसर झालं, आणि दोन्ही मिळून कुठे मधासारखा, कुठे चहासारखा, कुठे थेट लिंबासारखा रंग उतरला. कडेचा लाल हटल्यावर मेपलची लाटांसारखी नक्षी टोकापर्यंत दिसू लागली. एकाच वर्षीच्या दोन गिटारी आज सख्ख्या बहिणी वाटत नाहीत, कारण एक दुकानाच्या काचेमागे उन्हात टांगलेली होती आणि दुसरी पेटीत पलंगाखाली. पिकगार्ड काढलं की खाली जुना लाल अजून सापडतो, घडी घातलेल्या साडीच्या आतल्या पदरासारखा. मला विचाराल तर या गिटारींचं खरं सौंदर्य त्या सावलीत आहे. तिथे आधीचा आणि नंतरचा रंग शेजारी शेजारी दिसतात.

गिब्सनच्या लेखी हा दोषच होता. १९६० च्या सुमारास त्यांनी न विटणारा लाल आणला. संग्राहक त्याला 'टोमॅटो सूप' म्हणून हिणवतात. बिचारा आपलं काम चोख करतो, एवढाच त्याचा गुन्हा.

आता नव्या प्रतींकडे येऊ. पीटर ग्रीन, मग गॅरी मूर आणि आता कर्क हॅमेट यांच्या हातून गेलेली 'ग्रीनी' ही १९५९ ची लेस पॉल. तिचा लाल जवळजवळ पूर्ण उडालेला आहे. २०२३ मध्ये गिब्सनने तिच्या प्रती बाजारात आणल्या, त्याच फिकट रंगात. शिवाय 'लेमन बर्स्ट' वगैरे नावांनी विटलेले रंग आता कॅटलॉगातून निवडता येतात. टॉम मर्फीसारखा कारागीर लॅकरला तडे देतो, कडा झिजवतो. ते कसब मी कमी लेखत नाही. रोज वाजवणाऱ्याला नवी कोरी, चिकट गिटार नको असते, आणि अस्सल परवडणारे आहेत किती? माझी तक्रार झिजेबद्दल नाही, रंगाबद्दल आहे. झीज निदान हाताने करावी लागते. इथे रंग मुळातच फिकट मारलेला. उन्हाने जिथे पोचायला चाळीस वर्षं घेतली, तिथून ही गिटार सुरू होते, आणि टिकाऊ रंगामुळे तिथेच थांबते. शिवाय सगळ्या सारख्याच विटलेल्या! ऊन असं सगळ्यांना समान वाटून पडत नाही.

म्हणून मला पैसे घालायचे झाले तर गडद, जरा भडक चेरीच घेईन. १९५८ मध्ये दुकानात दिसली असेल तशी.

तशी एक माझ्याकडे आहेच, २००९ ची. लिंबाच्या आशेने मी ती दक्षिणेकडच्या खिडकीशेजारी टांगते आहे, घरातल्यांची बोलणी खाऊन. परवा तारा बदलताना पिकगार्डचे स्क्रू काढून पाहिले. आत-बाहेर एकच लाल.