लेक की टँक?

सानगडीला आत्याकडे गेलं, की इंग्रजीला सुट्टी, असा माझा शिरस्ता. पण यंदा तिच्या लेकीच्या मुलानं पर्यटनाची एक पुस्तिका पुढ्यात टाकली. कागद गुळगुळीत, इंग्रजी त्याहून गुळगुळीत. भंडारा जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या तलावांना तीत 'लेक' म्हटलेलं. इंग्रजांच्या दप्तरात मात्र 'टँक'.

"मामा, टँक म्हणजे रणगाडा ना?"

"रणगाडा 1916 साली लढाईत उतरला, बाबा. आपले तलाव त्याहून म्हातारे."

लेखकाला टँक गावंढळ वाटला असावा. पण लेक निसर्ग देतो, टँक माणूस बांधतो. इथले कितीतरी तलाव कोहळी मंडळींनी पाळ घालून अडवले, ते धानासाठी. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली. तलाव 'माजी मालगुजारी', म्हणजे 'मामा' झाले. गाळ तेवढा साचत राहिला. 'लेक' म्हटलं, की बांधणारा पुसला जातो अन् उपसणारा सुटतो. निसर्गाचं निसर्ग बघेल! पुस्तिकेवर माझा एवढाच आक्षेप.

आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "म्हणू दे की लेक! पण मग लेकीसारखं सांभाळा म्हणावं. मामा तर नावालाच उरलेत."