लहान शेतं, मोठा प्रश्न : आंबेडकरांचा १९१८चा लेख म्हसळ्यातून वाचताना

डॉ. आंबेडकर अर्थशास्त्रज्ञ होते, एवढं आपण सांगतो आणि पुढे सरकतो. आज त्यांचा एकच लेख घेऊ. १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये परत. १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतांवर लेख लिहिला.

तेव्हाचे जाणकार म्हणत होते, तुकडे एकत्र करा, शेत मोठं करा. आंबेडकरांनी उलट विचारलं : लहान-मोठं ठरवायचं कशावरून? नुसत्या एकरांवरून नाही. त्या जमिनीवर माणसं किती, बैल-अवजारं किती, यांचा मेळ बसतो का, ते बघा. शेतीवर माणसांचा भार जास्त आहे. तो उद्योगांकडे वळवा, तरच शेती सुधारेल.

मांडणी पक्की आहे. पण म्हसळ्यात बसून वाचलं की अडखळायला होतं. आपल्याकडची माणसं शेतावरून गेलीच की! आधी मुंबईला, मग आखाताला. भार कमी झाला. मग वरकस जमिनी ओस का? कारण माणूस गेला, पण त्याची कमाई शेतात भांडवल म्हणून परत आली नाही. ती घर बांधण्यात, लग्नात, शिक्षणात गेली. म्हणजे लेखातलं निदान बरोबर, उपाय अर्धा.

दुसरी उणीव आमच्या मते मोठी. पीक कुणाच्या घरात जातं, हा या लेखाचा मुख्य प्रश्नच नाही. तो प्रश्न पुढे आणला कुळांनी. १९३३ मध्ये अलिबागजवळ चरीला संप सुरू झाला आणि सुमारे सहा वर्षं चालला. नारायण नागू पाटील पुढे होते, आंबेडकरांनी पाठिंबा दिला. १९३७ मध्ये त्यांनीच मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. आपला म्हसळा तेव्हा जंजिरा संस्थानात. तो कायदा झाला असता तरी इथे लागला नसता, हेही ध्यानात ठेवा.

तेव्हा १९१८चा लेख आणि १९३७चं विधेयक शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात गरिबी म्हणजे साधनांचा बिघडलेला मेळ. दुसऱ्यात ती दोन माणसांमधला झगडा. आम्हाला वाटतं, दोन्ही लागतात. नुसता हिशेब खोत लपवतो, आणि नुसता लढा ओस पडलेल्या शेताचं उत्तर देत नाही.